नाव दे, पण आशेवर नको

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांच्या जुनाट दुखण्यावरचं नवं औषध तपासणाऱ्या अभ्यासात नाव देऊ का, असं विचारलंस. दे. पण बरी होईन या आशेवर देऊ नकोस. औषध चालतं की नाही हे माहीत नाही म्हणूनच तर अभ्यास काढलाय. कुठल्या गटात जाशील ते संगणक ठरवतो, आणि औषध नसलेल्या नुसत्या साध्या थेंबांचा गट तुझ्या वाट्याला येऊ शकतो. गंमत म्हणजे त्या थेंबांनीही डोळा ओला राहतो, त्यामुळे पुष्कळांना बरं वाटतं. हाताखालून इतके अभ्यास गेले, पण कुणाला कुठला थेंब मिळालाय याचा माझा अंदाज कधी धड बरोबर आला नाही.

लेसिकनंतर, म्हणजे चष्मा घालवायच्या त्या लेझर शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यांत खुपतंय, जळतंय, आणि तपासणीत 'सगळं नॉर्मल'. घरचे म्हणणार, मोबाइल कमी कर. पण कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, चेतातंतू इतके दाट असतात की शरीरात दुसरीकडे कुठे तेवढे नाहीत. लेसिकमध्ये त्यातले काही कापले जातात आणि क्वचित कुणाचे नीट जुळत नाहीत. म्हणून बहुधा तुला तिथे भूल देणारा थेंब घालतील. जळजळ थांबली तर दुखण्याचं मूळ पृष्ठभागावर. थेंब घालूनही राहिली, तर नसांच्या पुढच्या वाटेवर, मेंदूपर्यंत कुठेही. त्या थेंबाने आराम पडला तरी तो बाहेरून आणून घालायचा नाही हं, कॉर्नियाची वाट लागते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतील ती शिर्मर टेस्ट, डोळ्यात पाणी किती येतं ते मोजायची. टोचतं, पण सोसवतं.

खरं काम वहीचं. रोज शून्य ते दहामध्ये दुखणं लिहायचं. आपली माणसं इथे घोळ घालतात. डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं, म्हणून सातचे चार लिहितात. कुणी तपासणीच्या आदल्या रात्री बसून आठवड्याची वही एकदम भरतं, सगळे आकडे एकाच शाईत. अशा वहीपेक्षा कोरी वही परवडली. सात असेल तर सातच लिही. घरातला दुसरा कुठला थेंब मधेच घातलास तर तेही लिही.

संमतीपत्र मराठीत माग आणि घरी आणून वाच. 'इथे सही करा, बाकी आम्ही बघतो' असं कुणी म्हणालं तर उठून ये. सही केल्यावरही मधेच बाहेर पडायचा हक्क तुझाच, त्यापायी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. नव्या औषधाच्या चाचणीत त्या औषधाने काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणी द्यायची ते औषध चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांत आहे. माहितीपत्रकात तो परिच्छेद सापडला नाही तर विचार. येण्याजाण्याचं भाडंही विचार, त्यात लाजायचं काही नाही.

अभ्यासाची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियामध्ये आहे का, ते स्वतः पाहा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ही नोंदवही 2007 मध्ये सुरू केली, कुणालाही फुकट बघता येते. नोंदणीचा क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तो विषय तिथेच सोडून दे.

पहिल्या दिवशी डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालू शकतात, काही तास धूसर दिसतं. स्कूटी नेऊ नकोस, भावाला बरोबर घे.

तुझी,
काकू