मोर उडाले, मुलगा अजून घरात आहे

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा. २००३ पासून अमेरिकेत, दोनदा एच-वन-बी ट्रान्सफर करून (म्हणजे वर्क व्हिसा नव्या कंपनीकडे नेऊन) आता जर्सी सिटीत स्थिरावलोय. घरापासून चालत जाता येईल अशा सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा मी वेडा चाहता. २०२२ साली त्यांनी इतिहास घडवला आणि लगेच कोच गेला, पोरंही गेली. तेव्हापासून दर वर्षी टीमशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. निष्ठा नावाची चीजच उरली नाही. आता माझा मुलगाही (वय १९, इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष, जीपीए म्हणजे सरासरी गुण चारपैकी ३.१) ट्रान्सफर हवी म्हणतो. दुसऱ्या राज्यात जाऊन स्टॅटिस्टिक्स करणार आणि तिथल्या बास्केटबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर होणार! ट्रान्सफर घेतली की वर्ष फुकट जातं ना? हा पळपुटेपणा त्याच्या डोक्यातून कसा काढू?

उत्तर : वर छापलंय ते तुमच्या पत्राचं सार. मूळ पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं बास्केटबॉलची, मुलाच्या वाट्याला शेवटच्या काही ओळी. कोणता खेळाडू कोणत्या कॉलेजात गेला हे तुम्हाला तोंडपाठ आहे. मुलाला स्टॅटिस्टिक्स का हवंय, हे मात्र चार पानांत एकदाही आलेलं नाही. मला त्याच्या ३.१ पेक्षा याची जास्त काळजी वाटली.

आधी तुमच्या दुःखाबद्दल, कारण ते खरं आहे. जेमतेम दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज, टीमचं नाव ‘पीकॉक्स’, म्हणजे चक्क मोर. मार्च २०२२ मध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत या मोरांनी आपल्या सोळा टीमच्या गटात पंधरावं मानांकन असताना केंटकीसारख्या दादा टीमला ओव्हरटाइममध्ये ८५-७९ असं लोळवलं. मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. पंधराव्या मानांकनाची टीम शेवटच्या आठांत पोचली, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. २७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनाकडून ते हरले आणि तीनच दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, तुमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. खेळाडूंपैकी कुणी त्यांच्या मागोमाग गेलं, कुणी मिसूरी स्टेटला, कुणी ब्रायंटला. मांडवाचे खांब काढायच्या आधीच वऱ्हाड पांगावं, तसं झालं. तुम्ही चिडलात यात नवल नाही.

पण हॉलोवे गेले कुठे? ज्या कॉलेजात ते स्वतः खेळले, तिथे. याला तुम्ही गद्दारी म्हणता, मला ते माहेरी परतणं वाटतं. आणि तुमचा राग सगळा वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर आहे, तो मला पटत नाही. कित्येक दशकं कोच हंगाम संपताच हवं तिथे जात होते, त्यांना कुणी बाकावर बसवलं नाही. खेळाडूने कॉलेज बदललं तर मात्र त्याला एक वर्ष सामने खेळता येत नसत. एप्रिल २०२१ मध्ये एका ट्रान्सफरपुरती ही अट गेली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावायची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून तर अभ्यास सांभाळला की कितीही वेळा बदला. कित्येक दशकं अडवून ठेवलेलं पाणी एकदम सोडल्यावर जे होतं ते आता होतंय. गोंधळ आहेच, मी नाही म्हणत नाही. पण याच गोंधळाची मजाही तुम्ही घेतलीत की. मार्च २०२४ मध्ये ओकलंड युनिव्हर्सिटीने केंटकीला हरवलं, तेव्हा ज्याने तीन गुणांचे दहा बास्केट टाकले, तो जॅक गोल्की हिल्सडेल या छोट्या कॉलेजातून ट्रान्सफर घेऊन आलेला होता. त्या रात्री तुम्ही टाळ्या वाजवल्या, असं तुम्हीच लिहिलंय.

आता जरा तुमच्याबद्दल. तुमच्या पत्राची पहिलीच ओळ ‘दोनदा एच-वन-बी ट्रान्सफर’ अशी आहे. मी ती वाचून थांबले, चहा घेतला आणि परत वाचली. पहिल्या कन्सल्टिंग कंपनीने तुम्हाला पाच महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसवून ठेवलं, हेही तुम्हीच पुढे लिहिलंय. बेंच हा शब्द तुमच्या क्षेत्रात आणि बास्केटबॉलमध्ये एकच, आणि त्यावर बसलेल्या माणसाची घालमेलही एकच. २००० सालच्या कायद्यामुळे नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न बघता तिथे रुजू होता येतं. तुम्ही त्याचा फायदा घेतलात आणि उत्तम केलंत. त्या पहिल्या कंपनीतल्या कुणी तुम्हाला पळपुटा म्हटलं असतं, तर साताऱ्याच्या माणसाने काय उत्तर दिलं असतं, ते मी इथे छापू शकत नाही.

मग मुलालाच तो शब्द का? मला वाटतं, टीमवरचा राग घरात आलाय. ट्रान्सफर हा शब्द कानावर पडला की तुम्हाला मुलगा दिसत नाही, मार्च २०२२ नंतरचं रिकामं लॉकर रूम दिसतं. आणि मुलाला हे कळत असणार. शनिवारी दुपारी बाप टीव्हीसमोर एका पोराला शिव्या घालतोय आणि आपल्याला त्याच बापाला तीच गोष्ट सांगायचीय. त्याने तोंड उघडलं, हीच मोठी गोष्ट.

‘वर्ष फुकट जातं’ ही समजूत कुठून आली ते वर आलंच असेल लक्षात. बाकावर बसायची ती अट खेळाडूंना होती, तीही आता नाही. ट्रान्सफर पोर्टल ही खेळाडूंसाठीची नोंदवही आहे, तुमच्या मुलाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तो साधा अर्ज करणार, जसा अमेरिकेत दर वर्षी लाखो विद्यार्थी करतात. वर्ष जाण्याचा धोका आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. नवी युनिव्हर्सिटी जुने क्रेडिट (पास केलेल्या विषयांचे श्रेयांक) ‘स्वीकारते’ आणि ते पदवीच्या मुख्य विषयात ‘मोजते’, या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठ क्रेडिट स्वीकारले आणि त्यातले वीस नुसते ऐच्छिक विषयांत टाकले, तर सेमिस्टर वाढतात आणि फीही वाढते. त्यात बऱ्याच ठिकाणी शेवटचे ठरावीक क्रेडिट त्यांच्याच वर्गांत बसून पुरे करावे लागतात, आणि ट्रान्सफर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती सहसा कमी मिळते. भांडायचंच असेल तर या आकड्यांवर भांडा.

स्टुडंट मॅनेजर या शब्दापुढे तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंय. हा काय करतो ते सांगते. सरावाआधी बॉल मांडतो, नेमबाजीचा सराव करणाऱ्यांना शंभर-शंभर वेळा बॉल परत देतो, जमिनीवरचा घाम टॉवेलने पुसतो, रात्री प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ कापून ठेवतो. पैसा जवळपास शून्य. पण कोचिंगच्या खोलीत शिरायची ही जुनी मागची वाट आहे. न्यू जर्सीच्याच वाइल्डवुडचा एक मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या जुनिआटा कॉलेजात डॉक्टर व्हायच्या तयारीने जीवशास्त्र शिकत होता. ते सोडून त्याने केंटकीला ट्रान्सफर घेतली आणि तिथले कोच रिक पिटिनो यांच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर झाला. त्याचं नाव फ्रँक व्होगेल. २०२० मध्ये तो लेकर्स या टीमचा कोच म्हणून एनबीए या व्यावसायिक लीगचा विजेता ठरला. आणि २०२२ मध्ये त्याच लेकर्सने त्याला काढलं, हेही लक्षात असू द्या. मुलाने ही गोष्ट तुम्हाला ऐकवली तर त्याला माझ्यातर्फे सांगा, मागच्या वाटेने शिरलेल्या शेकडोंपैकी नाव आपल्याला एकाचंच ठाऊक असतं.

माझं स्पष्ट मत : आत्ता ट्रान्सफर नको. निष्ठेचा मुद्दा मी मानत नाही. हवं ते बहुधा त्याच्या सध्याच्या युनिव्हर्सिटीतच मिळेल, म्हणून म्हणतेय. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत सहसा स्टॅटिस्टिक्सचा विभाग असतो, कॉम्प्युटर सायन्समधून तिकडे वळायला राज्य सोडावं लागत नाही, आणि त्याचे प्रोग्रॅमिंगचे दोन वर्षांचे पेपर तिथे कामी येतात. टीम पुरुषांची आहे, महिलांचीही असते. महिला टीमसोबत सरावाला आणि व्हिडिओला मदत करणारे विद्यार्थी लागतात, तिथे आधी विचारावं. एक हंगाम पहाटे उठून टॉवेल धुतले आणि तरीही ओढ टिकली, तर पदवी झाल्यावर पदव्युत्तरसाठी दुसऱ्या राज्यात जाण्याचा विचार करता येईल, तेव्हा क्रेडिटची कटकटही नसेल. दुसऱ्या राज्याच्या फीचा फरक चार आकड्यांत बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एका गोष्टीने हे मत बदलेल. कदाचित त्याला स्टॅटिस्टिक्सही नको असेल आणि बास्केटबॉलही, फक्त त्या वसतिगृहातून, त्या वर्गातून किंवा घरापासून लांब जायचं असेल. १९ व्या वर्षी मुलं खरं कारण शेवटी सांगतात, आणि ऐकणारा आधीच निकाल देऊन बसला असेल तर सांगतही नाहीत. तेव्हा या रविवारी त्याला त्याचं डिग्री ऑडिट (पदवीसाठी कोणते विषय झाले, कोणते उरले याचा तक्ता) उघडायला सांगा आणि शेजारी बसून कोणते पेपर आवडले, कोणते ओढत नेले एवढंच विचारा. सीटन हॉलचा विषय निघू देऊ नका. मग त्यालाच मला लिहू दे, मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत चालेल.