सॉरडो क्रॉसाँमधून बटर का गळते?

प्रश्न : घरच्या सॉरडो स्टार्टरवर (पीठ व पाणी आंबवून केलेल्या नैसर्गिक खमिरावर) केलेले क्रॉसाँ, म्हणजे बटरच्या पदरांचे फ्रेंच पाव, ओव्हनमध्ये बटर सोडतात आणि आतून गच्च राहतात. बाजारचे यीस्ट वापरल्यावर असे होत नाही. काय चुकते? – एक वाचक, पुणे

उत्तर : ही लक्षणे बहुतेक वेळा शेवटचे फुगवणे, म्हणजे आकार दिल्यावर भाजण्यापूर्वी कणीक फुगू देणे, अपुरे राहिल्याची असतात. यीस्टवर दोनेक तासांत होणारे हे काम सॉरडोला २४ ते २६ अंश सेल्सिअसला सहा ते आठ तास, कधी त्याहूनही अधिक घेते. त्यामुळे घड्याळापेक्षा कणकेकडे पाहावे. ट्रे हलकेच हलवल्यावर क्रॉसाँ थुलथुलले आणि कडेचे पदर सुटे दिसू लागले, तरच ओव्हन तापवावा. घाई व्हावी म्हणून ते उन्हात किंवा गरम ओव्हनमध्ये मुळीच ठेवू नयेत, कारण बटर साधारण ३२ अंशांच्या पुढे वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ होऊन कणकेत मुरू लागते, मग पदर उरतच नाहीत. पुण्याच्या एप्रिलमध्ये वातानुकूलित खोलीला, माझ्या मते, पर्याय नाही.

स्टार्टर घट्ट, ताजा आणि जोमदार असावा. आंबट, दमलेल्या स्टार्टरमुळे कणीक सैल पडते व लाटताना फाटते. कणकेत गुंडाळायची बटरची पोळी वाकवल्यावर मोडू नये आणि बोटाला चिकटूही नये. घरच्या लोण्यात पाणी अधिक असते, म्हणून येथे ते टाळावे. बटर गुंडाळलेली कणीक लाटून तिहेरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात, तेवढे पुरेत. मात्र प्रत्येक घडीनंतर कणीक अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच.