तांबडी कोणाला दाण्याजवळ येऊ देत नाही! (परसातल्या कोंबड्या : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरामागे परसात ८ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली एक तांबडी, ३ वर्षांची, अंड्याला चांगली पण स्वभावाने भयंकर. मध्यंतरी गाडीवर विकायला येतात त्यांच्याकडून कावेरी जातीच्या ४ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घेतल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. तेव्हापासून तांबडी त्यांना दाण्याजवळ फिरकू देत नाही, डोक्यावर टोचते, एकीचा तर तुरा रक्ताने माखलाय. सासूबाई म्हणतात चोच कापा, मिस्टर म्हणतात रस्सा करा. मला दोन्ही नको वाटतंय. काय करू?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, आधी जिला रक्त आलंय तिला आजच्या आज वेगळं काढा, बाकीचं नंतर. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या तिथेच टोचत राहतात, आणि मग एकटी तांबडी नाही, सगळ्या तुटून पडतात, अगदी बरोबरच्या तलंगासुद्धा. जखम कोमट पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा (मेडिकलमध्ये मिळतं, तपकिरी रंगाचं), हळद आणि खोबरेल पण चालेल. फक्त तिला लांब कुठे पडवीत नेऊन ठेवू नका, खुराड्याजवळच जाळीआड ठेवा, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. आठवडाभर नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की त्यांच्या लेखी ती नवीनच असते, मग पुन्हा पहिल्यापासून मार.

आता तांबडीचं. खरं सांगू का, तिचा स्वभाव वाईट आहे असं मला पत्रावरून अजिबात वाटत नाही. कोंबड्यांमध्ये उतरंड असते, कोण कोणाला टोचणार आणि कोण गुमान बाजूला होणार हे ठरलेलं असतं. थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाला लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा नाद होता, त्याने यावर १९२२ साली शास्त्रीय लेख लिहिला, आणि त्यात एक गंमत अशी की ही उतरंड दरवेळी सरळ नसते, कधीकधी पहिली दुसरीला मारते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला! मुद्दा काय, उतरंड एकदा बसली की भांडणं उलट कमी होतात, नुसतं मान वर करून बघितलं तरी खालची बाजूला होते. तुम्ही एकदम ४ अनोळखी पोरी आत सोडल्या म्हणजे सगळी मांडणी मोडली. वरच्या नंबरची कोंबडी अशा वेळी गप्प बसणारच नाही.

म्हणून नवीन आणल्या की किमान १५ दिवस, जमलं तर महिनाभर, पूर्ण वेगळ्या ठेवायच्या. हे भांडणासाठी नाही, रोगासाठी. गाडीवरच्या पक्ष्यांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालीय का हे विकणाऱ्याला विचारलं तर तो हो म्हणतोच. तेवढ्या दिवसांत कोणी झिंगायला लागली, हिरवट हगली, नाकातून पाणी आलं, तर तुमच्या ८ वाचतील. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही अशी. लोकलमध्ये रोजच्या ग्रुपच्या डब्यात नवीन माणूस चढला की पहिले काही दिवस दारातच उभा राहतो आणि मग हळूच कोणीतरी सरकून चौथी सीट देतं, तसंच असतं हे. मग एका रात्री, अंधार पडून सगळ्या दांडीवर बसल्या की नवीन उचलून शेजारी बसवायच्या. पण सकाळी लवकर उठून बघायचं हं, रात्री बसवल्या म्हणजे काम झालं असं नाही.

तुमचं आता उलटं झालंय, तरी सुधारता येतं. तलंगा आहेत तिथेच ठेवा आणि तांबडीला बाहेर काढा. ३-४ दिवस, बाकीच्यांच्या नजरेआड, दाणापाणी व्यवस्थित देऊन. ही शिक्षा नाही. ती नसताना तलंगा जागा ओळखतात, दाण्याला यायला लागतात, आणि तांबडी परत येते तेव्हा तिलाच आपला नंबर पुन्हा मिळवावा लागतो. परत आल्यावर थोडी फडफड होईल, पिसं उडतील, मध्ये पडू नका. एक टोचते आणि दुसरी पळते, इतकं ठीक आहे. पण रक्त आलं, किंवा एखादी कोपऱ्यात तोंड खुपसून बसली आणि हलेनाच, तर मात्र पुन्हा वेगळं करा.

आणि दाणा एका ताटलीत देताय ना? बहुतेक घरांत तेच असतं. दोन-तीन ठिकाणी द्या, एकमेकांपासून लांब, पाणी पण दोन ठिकाणी. तांबडी एका वेळी एकाच भांड्यावर पहारा देऊ शकते. परसात एक-दोन आडोसे करा, जुनं डालगं उभं टेकवून, पत्र्याचा तुकडा, भाताच्या पेंढ्याचा भारा, काहीही, फक्त त्याला दोन्हीकडून वाट हवी नाहीतर पळणारी आत अडकते. खुराडं तपासा. ८ जणींसाठी बांधलेल्यात आता १२ आणि कोंबडा कोंबलाय. दिवसभर मोकळ्या असतील तरी रात्रीला प्रत्येकीला २ चौरस फूट तरी हवं, पावसाळ्यात दिवसदिवस कोंडून ठेवत असाल तर त्याच्या दुप्पट.

सासूबाईंना सांगा चोच कापू नका. मोठ्या फार्मवर पिल्लं लहान असताना मशिनने करतात, त्यावरही पुष्कळ वाद आहेत. चोचीत नसा असतात, घरी कात्रीने किंवा तापलेल्या सुरीने कापलं तर तिला खाता येणार नाही आणि वेदना वेगळ्या. मिस्टरांच्या बाबतीत एवढंच म्हणेन की त्यांचा उपाय शेवटचा आहे, चुकीचा नाही. हे सगळं करून महिन्याभरात फरक पडला नाही, ती शोधून शोधून रक्त काढतेय, तर एका कोंबडीपायी चौघी गमावण्यात अर्थ नाही. कोणाला द्या किंवा वडे करा.

प्रश्न : आमची एक कोंबडी एकदम गरीब होती, पोरं उचलून फिरवायची. ८-१० दिवस झाले टोपलीतून उठतच नाही, हात घातला की फुगते, आवाज काढते आणि कडकडून चावते. अंडी पण बंद. पिसाळली की काय?
— माणगाव, रायगड

उत्तर : पिसाळली नाही हो, खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय! कोंबडा असेल तर नशीब समजा, रात्री गुपचूप तिच्याखाली १०-१२ ताजी अंडी सरकवा, २१ दिवसांनी पिल्लं. पिल्लं निघाल्यावर मात्र ती आता चावते त्याच्या दसपट होणार, कुत्र्याच्या अंगावर जाते तिथे पोरांचं काय. उडून तोंडावर येते, लहान मुलांच्या डोळ्यांना धोका, तेव्हा महिना-दीड महिना मुलांना लांबच ठेवा. ती वागणूक मोडायला जाऊ नका, घारीपासून पिल्लं वाचतात ती त्याच्यामुळेच.

पिल्लं नको असतील तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून वर टांगून, ३-४ दिवस ठेवा. दाणापाणी द्या, पेंढा घालू नका. पोटाखाली हवा खेळली की खुडूकपणा उतरतो. गावाकडे पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात, ते प्रकार करू नका, तिला नुसता त्रास.

प्रश्न : पुण्याजवळ बंगल्यामागे ५ आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. दोघींच्या शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर पिसंच राहिली नाहीत. कोण मारते कळत नाही, भांडण तर कधीच दिसत नाही.
— एक वाचक

उत्तर : भांडण दिसत नाही कारण ते भांडण नाहीच. राग असेल तर चोच डोक्यावर, तुऱ्यावर बसते. पाठीवरची, शेपटीजवळची पिसं शांतपणे उपटून खाल्ली जातात तो वेगळा प्रकार, त्याचं कारण रिकामपण आणि खाण्यातली कमी. खायला काय देता ते लिहिलं नाही, पण बंगल्यात बहुतेक उरलेला भात, पोळी, कणी असं असतं. तांदळात प्रोटीन ७-८ टक्के, अंडी देणाऱ्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या आसपास लागतं. मुख्य खाणं लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) करा, वरचं उरलंसुरलं चवीपुरतं. सोबत अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती), नाहीतर वाळवलेल्या जवळ्याचा चुरा, पण खारवलेलं सुकं देऊ नका, जास्त मीठ कोंबडीला झेपत नाही. कोबीचा पाला किंवा शेवग्याची डहाळी मान वर करून टोचावी लागेल इतक्या उंचीवर टांगा, दिवस त्यात जातो. रात्री टॉर्च घेऊन पंखाखाली आणि शेपटीखाली उवा आहेत का बघा, दांडीच्या फटीत बारीक लाल किडे आहेत का तेही, आणि एका घमेल्यात राख-माती ठेवा लोळायला.

आता कोंबड्याकडे बघा. ५ जणींत १ कोंबडा म्हणजे जरा जास्तच, साधारण ८-१० मागे एक पुरतो. तो वर चढतो तेव्हा नखांनी पाठ आणि चोचीने मानेमागची पिसं जातात, आणि त्याच्या आवडत्या दोघीच असतील तर दोघींचीच जाणार! पाठीबरोबर डोक्यामागे पण टक्कल असेल तर गुन्हेगार तोच. त्याला १५-२० दिवस वेगळा ठेवून बघा, नवीन पिसांचे कोंब फुटायला लागले आणि कोणी ते उपटले नाहीत की समजेल. अंडी त्याच्याशिवायही मिळतात, फक्त त्यातून पिल्लं निघणार नाहीत.