घरी कथावाचन ध्वनिमुद्रित करण्यासाठी ऑडॅसिटी पुरेसे आहे का?

घरच्या घरी कथावाचन ध्वनिमुद्रित करून संपादित करण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेल की पैसे मोजून दुसरे घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी अंध वाचकांसाठी पुस्तकांचे वाचन मुद्रित करतो आणि ते सारे काम ऑडॅसिटीवरच होते. केवळ वाचनाचे काम असेल, तर ते निश्चित पुरेल.

कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू होऊन २००० साली सर्वांसाठी खुले झालेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. चुकलेले वाक्य कापणे, लांबलेला विराम आखूड करणे, आवाजाची पातळी सारखी करणे आणि एमपी३ काढणे ही वाचकाची नित्याची कामे त्यात कोणत्याही अडथळ्याविना होतात.

नवशिक्यांचा अपेक्षाभंग होतो तो 'नॉइज रिडक्शन'मध्ये, म्हणजे मागचा नको असलेला आवाज कमी करण्याच्या सोयीत. पंख्याची किंवा फ्रिजची एकसुरी घरघर त्याने चांगली कमी होते. त्यासाठी कोणी बोलत नसलेला दोन-तीन सेकंदांचा भाग नमुना म्हणून द्यावा लागतो, म्हणून मी प्रत्येक प्रकरणाआधी काही क्षण मुद्दाम शांत बसतो. घटीची मात्रा मी ६ ते ८ डेसिबलच ठेवतो, कारण घट जास्त केली की 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. मात्र रिकाम्या खोलीत घुमलेला आवाज किंवा पातळी जास्त ठेवल्याने फाटलेला आवाज त्याने दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा जाड पडदे आणि गादी लावलेली खोली कितीतरी अधिक उपयोगी पडते.

३.२ या २०२२ सालच्या आवृत्तीपासून बरेच परिणाम (इफेक्ट, म्हणजे आवाजावर करायच्या प्रक्रिया) ऐकता ऐकता बदलता येतात, पण नॉइज रिडक्शन अजूनही मूळ ध्वनीवरच कायमचे लागू होते. म्हणून ते करण्यापूर्वी प्रत वेगळी ठेवावी. मिडी कीबोर्डवर (संगणकाला जोडायच्या सुरपट्टीवर) वाद्ये वाजवून गाण्याची साथ रचायची असेल, तर मात्र आर्डरसारखे दुसरे मुक्तस्रोत साधन पाहावे.

तासाभराचे एकमार्गी (मोनो) मुद्रण प्रकल्पाच्या फाइलमध्ये ६०० एमबीहून अधिक जागा घेते, आणि ती फाइल ऑडॅसिटीशिवाय ऐकता येत नाही. कोणाला पाठवायचे असेल तेव्हा एमपी३ किंवा वेव्ह फाइल निराळी काढावी.