अंडाशय सापडत नाही, मॅडम!

प्रश्न : मी सोलापुरात स्त्रीरोग विभागात पीजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपीडीत मॅडम सोनोग्राफीचा प्रोब फिरवतात, आम्ही चौघं मागे उभे असतो. दिवसाला पंधरावीस स्कॅन बघते, पण माझ्या हातात प्रोब आला की गर्भाशय कसंबसं दिसतं आणि अंडाशय काही सापडत नाही. किती स्कॅन केले म्हणजे हात बसेल? एखादं जुनं मशीन घेऊन घरी सराव करावा का?
— एक निवासी डॉक्टर, सोलापूर

उत्तर : तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीच बोलते.

आधी मशीनचं. तो विचार डोक्यातून काढून टाक. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या कुणालाही सोनोग्राफीचं मशीन विकता येत नाही. सराव करायचा तो विभागातल्या नोंदणीकृत मशीनवर, वरिष्ठांच्या देखरेखीखालीच. कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये सिम्युलेटर, म्हणजे सरावाचं नकली यंत्र असेल तर पहिले काही तास तिथे घालव. प्रोब कुठे वळवला की पडद्यावर काय हलतं, एवढं तिथे कळलं तरी खऱ्या बाईला त्रास कमी होतो.

आता अंडाशय. लघवी करून यायला सांगितलंस ना? योनीमार्गातून बघताना मूत्राशय रिकामं हवं. गर्भाशय आधी उभ्या छेदात नीट बघून घे, मग प्रोब नव्वद अंशांत फिरव आणि गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्यापासून बाजूला सरकत जा. ओटीपोटाच्या बाजूच्या मोठ्या, म्हणजे इलियाक रक्तवाहिन्या दिसल्या की थांब. पाळी चालू असलेल्या बाईचं अंडाशय बहुतेक वेळा त्यांच्या शेजारीच असतं, आत काळे गोल फॉलिकल, म्हणजे बीजकोश असतात. वळवळतंय ते आतडं. तरीही दिसेना, तर मोकळा हात ओटीपोटावर ठेवून हळूच दाब. मधलं आतडं सरकतं. मागे उभं राहून हे येत नाही गं. म्हणून मॅडमना स्पष्ट विनंती कर : रोज दोन पेशंट, त्यांची संमती घेऊन, आधी मी बघते, मग तुम्ही बघा. चिडतील असं वाटतं तुला, पण माझ्या अनुभवात बहुतेक शिक्षकांना असं विचारणारी मुलं हवीच असतात.

किती स्कॅन, याला मी आकडा देणार नाही. आपण कुठे चुकलो हे कळलं नाही, तर दोनशे स्कॅन करूनही माणूस तिथेच राहतो. मी शिकत असताना एका बाईच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘उजवं अंडाशय दिसलं नाही, आतड्यातला वायू.’ दुसऱ्या दिवशी सरांनी मला थिएटरमध्ये बोलावलं. ट्रेमध्ये मोसंबीएवढा डर्मॉइड होता, म्हणजे अंडाशयातली गाठ, आत केस आणि पिवळट चरबी. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘जा, कालचा फोटो परत बघ.’ बघितला. पांढरी चकाकती कड आणि तिच्यामागे सावली, मी जिला वायू म्हटलं ती तीच होती. डर्मॉइड असाच फसवतो. त्या बाईचा चेहरा मला आजही आठवतो, आणि त्यानंतर ‘वायू’ हा शब्द लिहिण्याआधी मी थांबून बघते, ते हलतंय का.

तेव्हापासून मी दोनशे पानी वही ठेवली. डाव्या पानावर मला काय दिसलं त्याचं पेन्सिलीनं चित्र आणि माझं निदान, वरिष्ठांनी सांगण्याआधी लिहिलेलं. उजव्या पानावर ऑपरेशनमध्ये काय निघालं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काय आला. पेशंटचं नाव लिहायचं नाही. उजवं पान रिकामं राहिलं की वॉर्डात जाऊन विचारायचं. मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्या उजव्या पानांनी शिकवलं.

मोजमापातही घाई करू नकोस. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी उभ्या छेदातच, सर्वांत जाड ठिकाणी, दोन्ही थर धरून मोजायची. मध्ये द्रव असेल तर तो वगळायचा. छेद तिरका गेला की आकडा फुगतो. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव झाला असेल तर ४ मिलिमीटरच्या पलीकडे सहसा पुढची तपासणी करतात. तुझ्या तिरक्या हातामुळे विडी वळून घर चालवणाऱ्या एखाद्या बाईचे दोन दिवस बुडाले आणि पिशवी विनाकारण खरवडली गेली, असं होऊ नये.

आणि तिच्याशी बोल. काय करणार ते आधी सांग, ‘हो’ म्हणू दे, सिस्टरला शेजारी उभी कर. शरीरसंबंध आलेला नसेल तर पोटावरूनच बघ, त्यासाठी मूत्राशय भरलेलं हवं. आपल्याकडे पूर्व भागातून तेलुगू बोलणाऱ्या बायका येतात, अक्कलकोटकडून कन्नड बोलणाऱ्या. दुखणं म्हणजे तेलुगूत ‘नोप्पी’, कन्नडमध्ये ‘नोवु’. हे दोन शब्द पाठ कर आणि प्रोब हलवताना विचारत राहा. तिनं अंग सैल सोडलं की प्रोबही सहज फिरतो. अंडाशय म्हणजे अंगठ्याएवढी जागा, आखडलेल्या शरीरात शोधत बसशील तर सापडणार नाही.

तीन महिन्यांनी वहीतली किती उजवी पानं भरली, ते मला कळव.