पाच विषय आणि रात्रीचे अकरा

प्रश्न : माझं वय ३९. पूर्णवेळ नोकरी आहे, दोन मुलं आहेत. अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायची म्हणून अठरा वर्षांनी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. या सत्रात पाच विषय घेतलेत. सगळं आवरून रात्री अकराला वाचायला बसते, पण डोळे मिटतात आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. अंतर्गत परीक्षेत दोन विषय राहिले. वर्गातली मुलं पटापट उत्तरं देतात. माझा मेंदू गंजलाय का? सोडून द्यावं का?

उत्तर : नमस्कार. तुम्ही विषय मोजलेत, वय मोजलंत, मधली वर्षंही मोजलीत. तास मात्र पत्रात कुठेच नाहीत, म्हणून आधी तेवढे मोजू.

युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्णवेळ विद्यार्थ्याचं एक वर्ष ६० श्रेयांकांचं असतं आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तास धरतात. वर्ग, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी, सगळं त्यात आलं. वर्षाचे झाले १५०० ते १८०० तास. चाळीस आठवड्यांत वाटले, तर आठवड्याला साधारण चाळीस. तुमच्याकडचा हिशोब थोडा इकडेतिकडे असेल, पण पूर्णवेळ शिक्षण ही एक पूर्णवेळ नोकरीच असते, हे खरं. तुमची एक नोकरी आधीच आहे, घर आहे. त्यावर तुम्ही आणखी एक नोकरी घेतलीत आणि तिला वेळ दिलात रात्री अकरानंतरचा. यात मेंदूचा काय दोष?

या आठवड्यात प्रत्येक दिवशी खरोखर किती वेळ हाती लागला तो लिहा. लागायला हवा होता तो नव्हे, लागला तो. एका विषयाला वर्ग धरून सातआठ तास लागतात. पंधरा-सोळा तास निघाले तर दोन विषय घ्या. तिसऱ्याचा मोह होईल, कारण आपण आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमीच धरतो. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं ते घर-नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून. तिथे अर्ध्या गतीने सहा वर्षांत पदवी घेणं हा नेहमीचा मार्ग आहे, त्याला कुणी मागे पडणं म्हणत नाही. मात्र विषय कमी करण्याआधी तीन गोष्टी कार्यालयात विचारून घ्या : पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती, फी सवलत किंवा शिष्यवृत्तीवर काय परिणाम होतो, आणि सोडलेला विषय पुन्हा कधी शिकवला जातो. हे तोंडी नको, लेखी घ्या.

आता आठवत नाही त्याबद्दल. नवं पटकन टिपण्याचा वेग वयाबरोबर थोडा उतरतो, हे मान्य. पण शब्दसंपदा आणि अनुभवाचं ज्ञान या वयात वाढतच असतं आणि नवी गोष्ट त्याला जोडली की टिकते. विस्मरणावरचे पहिले पद्धतशीर प्रयोग करणाऱ्या हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली पुस्तक छापलं तेव्हा तो पस्तिशीत होता आणि प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर पुसलं जातं, हे त्याला आढळलं. तेव्हा विसरणं हे वयाचं लक्षण नव्हे.

बिघडतंय ते तुमच्या पद्धतीत. पेंगत तेच पान तिसऱ्यांदा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं, आलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून पुस्तक मिटा आणि दहा मिनिटं कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा. मग उघडा आणि राहिलेलं तेवढंच बघा. दोन दिवसांनी पुन्हा. हे काम प्रवासात, रांगेत, जेवणाच्या सुट्टीतही होतं. अकरानंतर मात्र झोपा. दिवसभरात शिकलेलं पक्कं व्हायलाही झोपच लागते.

दोन मुलं आहेत, याखेरीज घरच्यांविषयी तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, ते मला जास्त खटकलं. ‘जरा मदत करा’ म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि दुसऱ्याने केलेले उपकार ठरतात. दोन कामं पूर्णपणे सोपवा, म्हणजे ती करायची आहेत हे लक्षात ठेवणंही ज्याचं त्याच्याकडे. सुरुवातीला ती वाईट होतील. तिकडे बघू नका. मुलांना अभ्यासाचे ठरलेले तास सांगा आणि ते संपल्यावर खरंच त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना ‘आई सतत अभ्यास करते’पेक्षा ‘साडेसातपर्यंत करते’ हे पचायला सोपं जातं.

वर्गातल्या मुलांचं फार मनावर घेऊ नका. पटकन हात वर करणारे सगळे बरोबरच असतात असं नाही, हे मी बराच काळ पाहतो आहे.

विषय मागे घेण्याची तारीख बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. ती उद्या सकाळीच बघा. उलटून गेली असेल, तर या सत्रात पाचांपैकी कोणते दोन नीट करायचे ते ठरवा आणि मला पुन्हा लिहा. या वेळी तासांसकट.