कॉम्प्युटर सायन्सवाल्याला इतिहास कशाला?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्या मुलालाही इतिहासाचे कोर्स सक्तीने का घ्यावे लागतात, आणि त्यांची फी म्हणजे पैसे पाण्यात नाहीत का.

मी अशाच एका कोर्सला टीचिंग असिस्टंट होतो. इतिहास हा मुख्य विषय असलेली मुलं त्यात औषधापुरती, बाकी सगळी नाइलाज म्हणून आलेली. त्यामुळे ही चिडचिड ओळखीची आहे. पैशाचा मुद्दाही खोटा नाही. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पदवीसाठी अमेरिकेच्या इतिहासाची ६ क्रेडिट्स कायद्यानेच लागतात, म्हणजे दोन कोर्स. कर्ज काढून शिकणाऱ्याला ते जड जाणारच.

तरी मी सक्तीच्या बाजूचा आहे. ५ मार्च १७७० च्या रात्री तेव्हा ब्रिटिश वसाहतीत असलेल्या बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. काही आठवड्यांतच तिथल्याच पॉल रिव्हिअर या ब्रिटिशविरोधी कारागिराने त्याचं छापील चित्र विकायला काढलं. (मूळ चित्र हेन्री पेल्हॅमचं, आपलं चित्र चोरलं म्हणून तो भडकला होता.) त्यात सैनिक शिस्तीत रांगेने उभे आहेत, मागे कप्तान तलवार उंचावून हुकूम देतोय, समोरचे लोक बिचारे निःशस्त्र. मागच्या इमारतीवर पाटी आहे ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटिकखाना. आम्ही मुलांना हे चित्र आणि खटल्यातल्या साक्षी एकाच वेळी वाचायला द्यायचो. साक्षींमध्ये जमावाने फेकलेले बर्फाचे गोळे आहेत, काठ्या आहेत, कप्तान प्रेस्टनने हुकूम दिला म्हणणारे आहेत आणि दिला नाही म्हणणारेही आहेत. कॉम्प्युटर सायन्सचीच एक मुलगी चित्राकडे बघत म्हणाली, “पण मग बर्फ कुठाय?” जमिनीवर बर्फ नाहीच! पुढचा तासभर मला फारसं बोलावं लागलं नाही. चित्र कुणी काढलं, कुणासाठी, त्याला काय साधायचं होतं, हे प्रश्न मुलंच विचारत होती. मग साक्षीदारांकडे मोर्चा वळला, कारण त्यातही कुणी साव नव्हतं. प्रेस्टन आणि सहा सैनिक सुटले, दोघांना मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग दिला गेला. आणि या सैनिकांच्या बाजूने लढणारा वकील होता जॉन अ‍ॅडम्स, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. हे कळल्यावर तर वर्गात भांडणच जुंपलं.

असे प्रश्न विचारायला मुलं आपणहून शिकतील असं म्हणणाऱ्यांनी मला तशी मुलं दाखवावीत. ऐच्छिक ठेवलं तर ज्यांना आधीच गोडी आहे तेच येतात.

मात्र तीनशे जणांचा हॉल, पडद्यावर सनावळ्या आणि शेवटी चार पर्यायांतला एक काळा करायचा, असा कोर्स असेल तर तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. असे कोर्स ढिगाने आहेत आणि विद्यापीठांना ते स्वस्तात पडतात.

म्हणून नाव नोंदवण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागून बघा. मूळ कागदपत्रं वाचायची आहेत का, लहान गटात चर्चा आहे का, लिहून द्यायचं आहे का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर तोच कोर्स कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, कमी फीत करा. फक्त क्रेडिट्स तुमच्या विद्यापीठात चालतील का, हे आधी सल्लागाराकडून लेखी घ्या.